पाय कुणाचा, पान्हा कुणाचा

फाल्गुन सरत आला होता. त्या सकाळी वारा असा सुटला होता, की लिंबाची पिकली पानं गल्लीभर पळत होती. ऊन होतं, पण टोचत नव्हतं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. काम करावं असा दिवस.

“...मग मला सांगा आप्पा, चूक कुणाची उरली?”

भालचंद्र खोजे दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीपाशी उभा होता. हात कोपरापर्यंत काळे. पलीकडे लहानू आप्पा ओट्यावर बसून रेशमाच्या कांड्या भरत होते.

आप्पांनी साठ वर्षं हातमागावर पैठणी विणली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. तरी गल्लीत कुणाचं काही अडलं की तो माणूस शेवटी याच ओट्याशी येऊन उभा राहायचा.

भालचंद्र मात्र विचारायला आला नव्हता. सांगायला आला होता.

“गाडी माझ्या बापाची. सामान नवंकोरं. फिटिंग मी केलं, ह्या हातांनी. ब्रेकवर पाय तेवढा हिचा. मग?”

आप्पांनी कांडी फिरवली.

अंगणात ती गाडी उभी होती. पन्नास वर्षांची पिकअप, निळी, गोल दिव्यांची. दिवाळीत चांदवडचा घाट उतरताना तिचे जुने ब्रेक तापले आणि धरेनासे झाले. गाडी कशीबशी थांबली. शेजारी बसलेल्या रत्नानं, त्याच्या बायकोनं, घरी येऊन हात जोडले. ह्या गाडीतून मी पुन्हा कुठं यायची नाही म्हणाली.

ते भालचंद्राला फार लागलं. वडिलांच्या गाडीत आपलीच बायको बसत नाही म्हणजे काय! त्यानं पुढचे जुने ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले, नळ्या बदलल्या. सगळं घरी, अंगणात. उद्या घाटापलीकडे रत्नाच्या भाचीचं लग्न होतं. उद्या ती शेजारच्या सीटवर बसलेली त्याला हवी होती.

आता राहिलं होतं फक्त नळ्यांमधली हवा काढणं. हवा राहिली की ब्रेक उशीसारखा दबतो, धरत नाही. आणि हे काम एकट्याचं नव्हे. एकानं वर बसून ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्यानं चाकापाशी पान्ह्यानं निपल उघडायचं, हवा जाऊ द्यायची, निपल बंद करायचं. मगच वरच्यानं पाय सोडायचा. पाय आधी सुटला, तर बाहेर गेलेली हवा परत आत.

तीन दिवस झाले. रोज हवा काढायची, रोज ब्रेक मऊ.

आणि तीन दिवस गल्ली ऐकत होती, “तुझा पाय आहे का म्हशीची शेपटी? जागेवर म्हणून ठरत नाही!”

रत्ना आताही पायरीवर बसून होती. तिनं मान वर केली नाही.

आप्पांनी कांडी खाली ठेवली. भिंतीला वळसा घालून सावकाश आले, आणि न विचारता गाडीत चढून बसले.

“आप्पा, तुम्ही? झेपेल का?”

“साठ वर्षं मागाच्या पावडीवर पाय मारला. एवढी एक पावडी दाबू की.”

भालचंद्र खूश झाला. चाकाशी आडवा झाला.

“दाबा!... धरा!... सोडा!” म्हणाला, आणि मग झटक्यात पान्हा आवळला.

आप्पांनी तो म्हणाला तेव्हा दाबला. म्हणाला तेव्हा सोडला. चारही चाकं झाली. भालचंद्रानं उठून हातानंच ब्रेक दाबून पाहिला.

मऊ.

“आप्पा... राग मानू नका. पण तुमचाही पाय लवकर उचलला गेला.”

“उचलला गेला असेल.”

“बघा!”

“माझं वय झालं. तुझा पाय भक्कम. तू बस.”

“मी बसतो. पण मग खाली कोण?”

आप्पांनी हनुवटीनं पायरीकडे दाखवलं.

भालचंद्र मोठ्यानं हसला. “ही? अहो, हिनं पान्हा कधी धरलाय का?”

“नळाचा वायसर कोण बदलतं घरात?” रत्ना पायरीवरूनच म्हणाली. पदर खोचला, आणि चाकाशी जाऊन बसली.

“दाबा.”

भालचंद्रानं दाबला.

“धरा.”

त्यानं धरला. खाली तेलाची बारीक चिळकांडी उडाली. पाय हळूहळू तळाला गेला...

“सोडू?”

“थांबा.”

वाऱ्यानं एक पान काचेवर येऊन चिकटलं. भालचंद्राच्या पोटरीत कळ आली. मांडी थरथरायला लागली.

“अगं, सोडू का?”

“थांबा म्हटलं ना.”

...

मग खाली पान्हा आवळल्याचा कर्र आवाज आला. त्यानंतर रत्ना म्हणाली,

“सोडा.”

भालचंद्रानं पाय सोडला.

आधी पान्हा. मग ‘सोडा’.

तीन दिवस तो आधी ‘सोड’ म्हणत आला होता आणि मग पान्हा फिरवत आला होता. वरच्या पायानं सांगितलं तेवढंच केलं होतं. तिच्याही, आप्पांच्याही.

त्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा लिंबाकडे पाहत होते.

पहिलं चाक, दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी ती सांगेपर्यंत तो थांबला. मग ब्रेक दाबून पाहिला. दोन बोटं खाली गेला आणि दगडासारखा थांबला. पुन्हा दाबला. पुन्हा दगड.

त्याचा चेहरा उजळला. छाती पुन्हा पहिल्यासारखी वर आली.

“बघ! याला म्हणतात ब्रेक! आता हत्ती भरून घाट उतरवतो. उद्या सहाला निघू. पुढंच बस, खिडकीशी.”

रत्नानं चिंधीला हात पुसले. पान्हा धुऊनपुसून डब्यात ठेवला.

“ब्रेक चांगले झाले,” ती म्हणाली. “मी एसटीनंच जाईन.”

आणि घरात गेली. दार लोटलं नाही. उघडंच राहिलं.

भालचंद्र पायाखाली ब्रेक दाबून तसाच बसला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं. अंगणातून पानं पळत होती.

“आप्पा...” तो म्हणाला. या खेपेला तो विचारत होता. “ब्रेक तर लागले. मग आता काय राहिलं?”

आप्पा भिंतीपर्यंत पोचले होते. तिथूनच वळून त्यांनी त्याच्या पायाकडे पाहिलं.

“गाडी कधीची उभी आहे, भालचंद्रा. पाय काढ, आणि खाली उतर. दार उघडंच आहे.”