कुंभारणीच्या आव्यातले हरभरे

बायांनो, धोंडीनाथ महाराज भोरसांगवीला आले ते पटकीच्या साली. ओढ्याकाठच्या कुंभारआळीत त्यांनी घोंगडी अंथरली. एके काळी त्या आळीत संक्रांतीच्या सुगडांची काय रास लागायची! त्या साली मात्र मडकी लागत ती फक्त तिरडीपुढे धरायला.

सगुणा कुंभारणीने तीच मडकी भाजली होती. घरात लेक चंद्रा ओली बाळंतीण. पोटात अन्न नाही, अंगावर दूध नाही. बाळ रडेनासं झालं होतं. सगुणेने बियाण्यासाठी राखलेले मूठभर हरभरे भिजवले, मडक्यात घालून झाकण चिखलाने लिंपलं आणि पहाटे मडकी भाजायच्या धगधगत्या आव्याच्या कडेला राखेत पुरलं. दिवसभर वाफ कोंडून राहिली की हरभरा लोण्यासारखा होतो. मध्येच तोंड उघडलं, तर न शिजलेले टणक गणंगच राहायचे.

दुपारी गावचे भुजंगराव देशमुख आले. "काय गं, मढ्यांच्या आव्यात पंगत मांडलीस? माझ्या धान्याच्या पेवातलेच हरभरे ना हे?"

"नाही हो सरकार! बियाण्याचे आहेत. झाकण उघडू नका, पाया पडते!"

"चोराला झाकणाची फार काळजी!"

त्यांनी काठीने लिंपण फोडलं. वाफ भसकन निघून गेली. एक हरभरा काठीखाली चिरडू गेले, तर तो खड्यासारखा उडाला. "घाल बाळंतिणीला!" म्हणत त्यांनी गड्याकरवी राखेवर पाण्याची घागर उपडी केली.

सगुणा मडकं कवटाळून महाराजांपुढे कोसळली. "देवा, आता घरात जळणाची काडी नाही. लेक जाते माझी."

महाराजांनी मडकं छातीशी धरलं, वर घोंगडी ओढली आणि डोळे मिटले.

"बुवा अंडी उबवतोय रे! थांबा, पिल्लं निघतील," देशमुख हसले.

ऊन कललं. आळीतून आणखी एक तिरडी गेली. आणि घोंगडीतून वाफ येऊ लागली!

दिवेलागणीला महाराज म्हणाले, "सगुणे, ताट आण."

काय सांगू बायांनो! हरभरा बोट लावताच विरघळत होता. चंद्राच्या पोटात घास गेले, हळूहळू पान्हा फुटला आणि बाळ चुटूचुटू ओढू लागलं.

"आत निखारे लपवलेत!" म्हणत देशमुखांनी घोंगडी हिसकली. निखारा नव्हता. महाराजांची छाती मडक्याएवढी भाजून सोलली होती.

देशमुख त्यांच्या पायांवर वाकले, तसे महाराज मागे सरले.

"मला नको. जिच्या लेकीचा घास मोडलास, तिला कर."

भुजंगरावांनी पागोटं उतरवलं आणि सगुणेपुढे, त्या ओल्या राखेत, कपाळ टेकलं.