परत पाठवणी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, की दारी आलेल्या बाईला ओटी भरल्याशिवाय परत पाठवायचं नाही. गावाबाहेरच्या निर्वासित छावणीतली फुलमाया तेव्हा दारी आली आणि घरचीच झाली. माझ्या लेकीच्या, सुमेधाच्या लग्नातही होती.

परवा मी छावणीत गेले, तर तिथे मोठे साहेब कागद घेऊन आलेले. म्हणाले, "सरकारनं निधी थांबवलाय. एक तारखेपासून शिधा बंद आणि तुमची परत पाठवणी. गाडी फुकट आहे, उपकार माना!"

बाया मटकन खाली बसल्या. त्यांचं गाव तर जळून गेलेलं, जायचं कुठे?

फुलमाया उठली. "साहेब, पाठवणी मी या काकूंकडे पाहिलीय. आधी घर बघून येतात, मग लेकीला पाठवतात. तुम्ही आमचं घर बघून आलात?"

"तिथे? तिथे कोण जाणार, बाई!" साहेब बोलून गेले.

"मग कागदावरची 'पाठवणी' खोडा, 'हाकलणं' लिहा आणि खाली सही करा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. कुणीतरी त्यांचं गाव बघून येईपर्यंत शिधा चालू ठेवायचं ठरलं. फार तर दोन महिने. पुढचं मलाही दिसत नाही. पण बायांनो, माझा नेम तुम्हीही धरा. छावणीतली कुणी दारी आली, तर रिकाम्या ओटीनं पाठवू नका.