फेट्यांचा दोर

पार जुन्या काळी एका नदीकाठी चार गावं होती. लहानांनो, तुम्ही ऐकाच. पण थोरांनो, तुम्ही जरा जवळ सरकून ऐका, कारण ही गोष्ट सांगताना मला ज्यांचा राग येतो ती सगळी मोठी माणसंच होती.

चारही गावांना पाणी एकाच पाटाचं. आधी कुणी घ्यायचं यावरून डोकी फुटत. म्हणून वडीलधाऱ्यांनी ठरवलं, दरवर्षी चेंडूफळीचा सामना व्हावा आणि जिंकणाऱ्याच्या गावाने वर्षभर पहिली पाळी घ्यावी. दोन खांबांना आडवा दोर, दोन्हीकडे एकेक खेळाडू, हातात लाकडी फळी. चेंडू आपल्या बाजूला जमिनीला टेकला की तो डाव गेला; जास्त डाव घेईल त्याचा सामना.

पुढे वरच्या गावात एक खेळाडू निपजला. दरवर्षी तो उरलेल्या तिन्ही गावांच्या खेळाडूंना एकापाठोपाठ एक हरवायचा. वरचं गाव उसाला मनसोक्त पाणी पाजायचं, मग उरलंसुरलं खाली यायचं.

इथवर राग येण्यासारखं काही नाही. चांगला खेळणारा जिंकतोच. पुढचं ऐका.

सामना संपला की हा विजेता हरलेल्यांतल्या एकाला पुढे बोलवायचा, "याचा खेळ मला आवडला" म्हणायचा आणि स्वतःच्या हाताने त्याला जरीचा फेटा बांधायचा. झालं! त्या फेट्यापायी तिघेही खुळावले. विजेत्याला हरवायचं सोडून त्याला आवडेल असं खेळण्याचा सराव ते वर्षभर करू लागले. त्याला उंच, झोकदार चेंडू आवडत, म्हणून हे तसेच टाकत. तो ते टोलवायचा आणि हे हरता हरता कौतुकाने माना डोलवत. ज्याला फेटा मिळे तो वाजतगाजत गावी परते. हरून! वाजतगाजत! आणि गावही त्याच्यावर गुलाल उधळी.

सगळ्यात खालच्या गावच्या खेळाडूकडे असे पुष्कळ फेटे जमले होते. त्याला त्याच्या आत्याने वाढवलं होतं. नवऱ्यामागे तिने एकटीने पानमळा जपला होता. त्या उन्हाळ्यात मळ्यातले वेल पिवळे पडले. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की पोहऱ्याचा दोर पुरेना.

एके दिवशी भाचा घरी आला तर फेट्यांच्या खुंट्या रिकाम्या. तो धावत विहिरीवर गेला. आत्या पाणी शेंदत होती. पोहऱ्याच्या दोराला तिने त्याचे सगळे फेटे गाठी मारून जोडले होते.

"आत्या! अगं, ते मानाचे फेटे आहेत!"

"कसला मान रे? हरल्याचा? माझा मळा जळतोय. अजून एक उन्हाळा असा गेला तर लावायला बेणंसुद्धा उरायचं नाही. आणि तू त्याच्यापुढे डोकं वाकवून उभा राहतोस! खरं सांग, त्याला हरवता येतं की नाही?"

भाचा खाली बघत पुटपुटला, "त्याचा डावा गुडघा वाकत नाही. डाव्या पायाशी चेंडू टाकला तर त्याला उचलता येत नाही."

"हे तुला कधी कळलं?"

"झाली की काही वर्षं."

"मग टाकत का नाहीस?"

"तसा चेंडू टाकला की तो तोंड वाकडं करतो. म्हणतो, हा काय खेळ झाला? मग फेटा मिळत नाही."

आत्याने पोहरा सोडला, ओला दोर खांद्यावर टाकला आणि ती तडक दुसऱ्या दोन्ही गावांत गेली. तिथल्या खेळाडूंना तिने तेच विचारलं. दोघांनाही गुडघा ठाऊक होता! दोघेही फेट्यासाठी गप्प होते. तिने त्यांना घातलेल्या शिव्या मी इथे सांगत नाही, पण त्यातली एकही वाया गेली नव्हती.

सामन्याचा दिवस आला. पहिल्याने चेंडू डाव्या पायाशी टाकला. विजेत्याने तोंड वाकडं केलं. "हा काय खेळ झाला?" वरचं गाव फिदीफिदी हसलं. पहिला ओशाळला, उंच चेंडू टाकू लागला आणि हरला. दुसऱ्याने तर एवढंही धाडस केलं नाही. इतक्या शिव्या खाऊनही!

मग भाचा उतरला. त्याने पहिला चेंडू डाव्या पायाशी टाकला. लोक हसले. त्याचे कान लाल झाले, फळी उंच चेंडूसाठी वर गेली. तेवढ्यात त्याला गर्दीत आत्या दिसली. फेट्यांचा तो दोर तिच्या खांद्यावर होता, गाठी चिखलाने माखलेल्या. त्याने फळी खाली घेतली. पुन्हा डावा पाय. पुन्हा डावा पाय. लोक हसायचे थांबले, मग ओरडू लागले. शेवटचा चेंडू विजेत्याच्या डाव्या टाचेशी पडला आणि त्याला वाकताच आलं नाही.

तो लंगडत मधल्या आडव्या दोरापाशी आला. "गुडघा फार वर्षं दुखतोय," तो म्हणाला. "तुम्ही तिकडे चेंडू टाकू नये म्हणूनच फेटे बांधत होतो. इतकी वर्षं पुरतील असं वाटलं नव्हतं."

मग त्याने यंदाचा फेटा उचलला. "घे, आज तू खरा जिंकलास."

भाच्याचं डोकं सवयीने वाकलं. आत्याने मधेच हात घालून फेटा ओढून घेतला आणि खांद्यावरच्या दोराला गाठ मारून जोडला.

"पाटाचं पाणी उद्या येईल," ती म्हणाली. "आजचं अजून शेंदायचंय. चल."

तेव्हापासून फेट्याची चाल बंद झाली. पुढच्या वर्षी भाचाही हरला, शेजारच्या गावाकडून, आणि पाण्याची पहिली पाळी गावोगाव फिरू लागली. आत्याच्या मळ्याची पानं चारही गावांत जाऊ लागली.

तात्पर्य: हरणाऱ्यांना हरण्यातच मान वाटू लागला, की दुखऱ्या गुडघ्याचा माणूससुद्धा अजिंक्य होऊन बसतो.