झुपकीची बी आणि मावशीची गाडी

फणसाच्या ढोलीत राहायची एक खार. एवढीशी. नाव तिचं झुपकी. शेपूट मात्र झुपकीहून मोठी.

झुपकीकडे दोनच गोष्टी होत्या. एक काजूची बी. आणि एक चंद्र.

चंद्र म्हणजे काय, तर लोखंडाचं चकचकीत कडं. मधे भोक. ते तिला अंगणात सापडलं होतं. भोकातून बघितलं की आभाळ दिसायचं. गोल, निळं, अगदी तिच्यापुरतं.

आणि बी? बी ती नुसती हुंगायची. आई सांगायची, "कच्ची खाऊ नकोस हां. तोंड उतेल, फोड येतील. भाजली की मग खा." पण भाजणार कोण? खारींच्या घरी चूल नसते.

फणसाखाली एक पडवी होती. पडवीत शालनमावशी गाडी करत होती. खरीखुरी गाडी, घरच्या घरी. मावशी रोज कपडे शिवायची. सुट्टी मिळाली की गाडी जोडायची. गाडी खोक्यांतून आली होती, सुटी सुटी. एका खोक्यात दिवे, एका खोक्यात चाकं, एका खोक्यात नुसत्या तारा.

मावशीचे यजमान भाऊकाका चहा आणून द्यायचे आणि चिडवायचे, "गाडी जोडतेस की शिवतेस गो?"

"बघाल तुम्ही," मावशी म्हणायची.

झुपकी तर रोजच बघायची. काल नव्हतं, आज चाक होतं. काल नव्हतं, आज दार होतं. झुपकीचे डोळे मोठ्ठे व्हायचे.

एकदा काय झालं, झुपकी बी घेऊन गाडीवर चढली. सुर्र सुर्र, टुणुक. मागे होती धुराची नळी. गोल, काळी, खोल.

"अय्या, ढोली," म्हणाली झुपकी. आणि बी आत ठेवली.

गडगड, गडगड, खळ्ळ.

बी गेली आत. हात पुरेना. शेपूटही पुरेना. झुपकीला रडू आलं. एकच तर बी होती तिची.

"नळीबाई, नळीबाई, माझी बी द्या ना."

नळी म्हणाली, "मी नाही फुंकत. आधी इंजिन घुमू दे, मग मी फुंकते."

सुर्र सुर्र, टुणुक. झुपकी गेली इंजिनाकडे.

"इंजिनदादा, घुमा ना.
नळी फुंकेना,
माझी बी मिळेना."

इंजिन म्हणालं, "मी नाही घुमत. आधी बॅटरी जागू दे, मग मी घुमतो."

सुर्र सुर्र, टुणुक. झुपकी गेली बॅटरीकडे.

"बॅटरीताई, जाग्या व्हा ना.
इंजिन घुमेना,
नळी फुंकेना,
माझी बी मिळेना."

बॅटरी झोपेतच म्हणाली, "मी नाही जागत. आधी तार लागू दे, मग मी जागते."

सुर्र सुर्र, टुणुक. झुपकी गेली तारेकडे.

"तारामावशी, लागा ना.
बॅटरी जागेना,
इंजिन घुमेना,
नळी फुंकेना,
माझी बी मिळेना."

तार लोंबकळत होती. लोंबकळत लोंबकळत म्हणाली, "मी नाही लागत. आधी पाना फिरू दे, मग मी लागते."

सुर्र सुर्र, टुणुक. पाना होता भिंतीवर, खिळ्याला टांगलेला.

"पानेकाका, फिरा ना.
तार लागेना,
बॅटरी जागेना,
इंजिन घुमेना,
नळी फुंकेना,
माझी बी मिळेना."

पाना म्हणाला, "मी नाही फिरत. आधी मावशी उठू दे, मग मी फिरतो."

सुर्र सुर्र, टुणुक. मावशी बसली होती पाटावर. हाताला तेल, कपाळाला आठी. शेजारी भाऊकाका, हातात चहा.

"एवढासा नट," भाऊकाका म्हणत होते. "त्याच्यावाचून काय अडतं गो?"

"अहो, त्याच्यावाचूनच अडलंय," मावशी म्हणाली.

"मावशी, मावशी, उठ ना.
पाना फिरेना,
तार लागेना,
बॅटरी जागेना,
इंजिन घुमेना,
नळी फुंकेना,
माझी बी मिळेना."

मावशी म्हणाली, "कशी उठू गो बाय? आधी माझा नट सापडू दे, मग मी उठते."

"नट कसा असतो?"

"लोखंडाचा असतो. चकचकीत. मधे भोक."

झुपकीने कान टवकारले. लोखंडाचा? चकचकीत? मधे भोक?

तो तर तिचा चंद्र.

सुर्र सुर्र, झुपकी ढोलीत गेली. चंद्रातून आभाळ बघितलं. गोल, निळं, अगदी तिच्यापुरतं. चंद्र देववेना. पण नाही दिला, तर बी मिळेना. आणि गाडी? ती तर कधीच चालायची नाही. मग चाक आलं कशाला, दार आलं कशाला?

झुपकीने चंद्र तोंडात धरला. हळूहळू खाली आली. मावशीच्या पायाशी ठेवला. टिंग.

"अगो बाय, तुझ्याकडे होता होय," मावशी म्हणाली. रागावली नाही. तिने झुपकीच्या पाठीवरून एक बोट फिरवलं.

मग काय झालं?

नट सापडला, मावशी उठली.
मावशी उठली, पाना फिरला. कर्र कर्र.
पाना फिरला, तार लागली. चट्ट.
तार लागली, बॅटरी जागली. टिक.
बॅटरी जागली, इंजिन घुमलं. घुर्र, घुर्र, घुर्रर्रर्र.

पडवी थरथरली. फणसाची पानं थरथरली. झुपकीची शेपूटसुद्धा थरथरली. जे खोक्यांत सुटं सुटं निजलं होतं, ते सगळं एकदम जागं झालं होतं. केवढं नवल हे. भाऊकाकांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"शालन," ते हळूच म्हणाले. आणि नारळ आणायला आत धावले.

इंजिन घुमलं, नळी फुंकली. फुर्र, फुर्र, फट्ट.

बी उडाली. अंगणात पडली. गरम गरम, काळी काळी. आणि वास कसला सुटला? खमंग.

बी भाजली होती.

मावशीने पाना घेतला. ठक्क. आतून निघाला पांढरा काजू. दोन पाकळ्या. एक झुपकीला, एक झुपकीच्या आईला.

भाऊकाकांनी नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी पुढे सरकली. फच्च. आणि चालायला लागली. टपावर कोण? झुपकी.

अंधार पडता पडता गाडी पडवीकडे परत वळली. मावशीने दिवे लावले. पुढे दोन दिवे. गोल, चकचकीत. पडवीच्या भिंतीवर दोन उजेड पडले, पूर्ण वाटोळे.

झुपकीने एक चंद्र दिला होता. आता समोर दोन होते. ती बघत राहिली, बघत राहिली. तोंडातला काजू चावायचाच विसरली.