बकुळीच्या ढोलीचं तोंड

त्या रानात प्रत्येक मोहोळाला एकच दार असे, ढोलीचं तोंड. मध, पराग, नवी पिल्लं, सगळ्यांची ये-जा तिथूनच, आणि बुरशीही शिरायची ती तिथूनच. तिचं बी कुणाच्या डोळ्याला दिसत नसे. पुष्कळ ढोल्यांतून ते आपसूक निघून जाई. एखादीत मात्र ठाण मांडून बसे आणि दाराचं लाकूड हळूहळू मऊ करी.

राणीमाशी बकुळीच्या दारात ते असंच बसलं. पळस फुलला तेव्हा सुतारपक्षीण टाकीबाईंनी मऊ पडलेलं लाकूड खरवडून काढलं.

"वेळेवर बोलावलंस हो," त्या म्हणाल्या. "बिघडलेला भाग गेला. पण बी मागे राहिलं का, ते माझ्या चोचीला कळत नाही. तेरडा फुलला की मुंगीआत्यांना बोलाव, त्यांना ते वासावरून कळतं."

दार छान भरून आलं. बकुळीच्या जिवाला मात्र चैन नाही! बी राहिलं असेल तर सड पुन्हा धरणार, आणि या खेपेला आत पिल्लांच्या पाळण्यांपर्यंत पोचणार. रानात तेरड्याची पहिली कळी दिसली मात्र, तिने आत्यांना निरोप धाडला.

आता त्या मोहोळाची एक रीत होती. दुरुस्त झालेल्या दाराला सुगंधी राळ फासायची, तीही गात गात. बकुळीची थोरली बहीण पिंगाक्का रीतीला भारी पक्की. आत्या यायच्या आदल्या दिवशी तिने सगळं दार राळेने चकचकीत करून टाकलं. पाहुण्यांपुढे खरवडलेलं दार उघडं ठेवायचं म्हणजे काय!

मुंगीआत्या आल्या. सावरीच्या कापसाचा बोळा त्यांनी दारावर फिरवला, हुंगला आणि कपाळावर हात मारला. "अगं बायांनो, मी दार हुंगू की तुमची राळ? या बोळ्यावरून काही म्हणजे काही कळायचं नाही. राळ झडू दे, मग परत येते."

"अक्का, काय करून बसलीस गं हे!" बकुळीला रडूच फुटलं. पिंगाक्काने मान खाली घातली. एवढे दिवस थांबलो, आता आणखी थांबायचं!

पण राळ झडली एकदाची. आत्यांनी नवा बोळा दारावरून फिरवला आणि खाली मुंग्यांच्या वाटेवर ठेवला. रांग वळसा घालून गेली तर बी आहे, बोळ्यावरून सरळ गेली तर नाही. सारं मोहोळ दाराशी लोटलं.

"आली गं, रांग आली!"

पहिली मुंगी बोळ्याशी आली आणि थबकली. तिने मिशा टेकवल्या. बकुळीने डोळे गच्च मिटले.

"अगं, उघड की डोळे!" पिंगाक्का किंचाळली.

मुंगी बोळ्यावर चढली होती. तुरुतुरु पलीकडे उतरलीसुद्धा! तिच्यामागे दुसरी, मग सगळी रांग, वाकडी न होता. मोहोळात असा काही कल्लोळ उठला की तेरड्याची फुलं हलली. बकुळी हसत होती, रडत होती, अक्काच्या गळ्यात पडत होती.

"सुखी राहा," आत्या म्हणाल्या. "येते मी. पुढच्या तेरड्याला दार परत हुंगायचंय, आठवण ठेव."

मग राळ आली, गाणी आली. पिंगाक्का स्वतः दार फासू लागली, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, सोन्यासारखं लख्ख. फासता फासता एका जागी तिचे पाय थांबले. तीळभर लाकूड तिने कोरडं सोडलं. बाकीच्या ओरडल्या, "अक्का, तिथे राहिलं की!"

"राहू दे," ती म्हणाली. तोरणासाठी आणलेली फुलं तिने बाजूला सारली, आणि त्या उघड्या जागेच्या वर सावरीच्या कापसाचा एक कोरा बोळा बांधला.