मोडीच्या गाडीत चढलेली तपेली

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, गळ्याची शपथ. कुणाच्या गळ्याची ते विचारू नये. भांडी बोलतात का, असंही विचारू नये, कारण मग शपथ थोडी सैल करावी लागेल.

त्या राज्यात माणसं थोडी आणि भांडी फार होती, आणि कुठल्याच भांड्याला स्वतःच्या आत बघता येत नसे. दुसऱ्याच्या आतलं मात्र लांबूनही दिसायचं. पितळेचं असो की तांब्याचं, आतली कल्हई सगळ्यांचीच उडून गेली होती. त्यामुळे कुणातही ताक ओतलं की दुपारपर्यंत हिरवं पडायचं, आमटी ठेवली की कळकायची, आणि खाणारा आडवा व्हायचा. वास सगळीकडे होता. प्रत्येकाला वाटायचं, शेजारच्याचा आहे.

एक दिवस दवंडी आली. मालकाचा कल्हईवाला येतोय. तो ज्याला हातात घेईल त्याला कल्हई, आणि तिथून थेट मालकाची पंगत. ज्याला हात लागणार नाही ते ऊन उतरलं की मोडीच्या गाडीत. मोड म्हणजे भट्टी. भट्टीत गेलेल्यानं आजवर निरोप पाठवला नव्हता.

दवंडी ऐकून तपेली कोपऱ्यात सरकली. ती लहानशी होती, एका कुशीला पोचा पडलेली. मागं एका लग्नात तिच्यात कढी ठेवली, ती कळकली आणि सात माणसं सकाळपर्यंत ओकत होती. त्या दिवसापासून तिला कुणी चुलीवर चढवलं नव्हतं, आणि तिनंही कुणाकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

घंगाळराव मात्र खुशीत होते. अंघोळीचं पाणी सोडून त्यांनी आयुष्यात काही धरलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्यात काही कळकायचा प्रश्नच आला नव्हता, आणि याला ते चारित्र्य म्हणायचे. त्यांनी लगेच निवड समिती काढली. चकाकी, वजन आणि घराणं बघून यादी केली, रांग लावली. सगळं राज्य चिंच आणि राख घेऊन बाहेरून घासायला बसलं. आतून कुणी घासलं नाही, कारण आतून घाण कुणी नव्हतंच.

"तपेले, तू बंबाच्या मागं," लोटा सांगत आला. तो तिचा एकुलता एक मित्र. "समितीचा ठराव आहे. तुझा वास पुढच्या रांगेला लागतो."

"आणि तू?"

"मी पण मागंच. समिती बोलत होती आणि मी मध्येच कलंडलो."

कल्हईवाला भर दुपारी आला. त्यानं खड्डा खणला, भाता पुरला, कोळसे पेटवले. रांगेकडं बघितलंसुद्धा नाही. घंगाळराव दोन पावलं पुढं सरकले.

"यादी दाखवता का जरा? आम्हीही एक केलीय. जुळवून बघू."

"यादी तुम्ही ओतले जायच्या आधीची आहे," कल्हईवाला भाता हलवत म्हणाला. "कागदावर नाही."

"मग हे एवढं घासलं ते?"

"घासणं चांगलंच. मी कुठं नको म्हटलं?"

आणि त्यानं हात घातला. हात पुढची रांग ओलांडून गेला आणि एका कढईवर थांबला. तिच्यावर बोटभर काजळी आणि काजळीवर तेलाचा राप. कढई स्वतःच मागं वळून बघायला लागली, की हा कुणाला बोलावतोय.

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. काजळी लागते. पुढची रांग राखेत लोळायला लागली. घंगाळराव चुलीत शिरून आले.

दुसऱ्यांदा हात आला तो परातबाईंवर. त्या लोळायला फार रुंद होत्या, म्हणून त्या एकट्याच अजून लखलखीत राहिल्या होत्या. तर मग सगळे विहिरीकडं पळाले.

तिसऱ्यांदा त्यानं लोट्याला उचललं. लोटा जमिनीत तोंड खुपसून घोरत होता. ते बघून अर्धं राज्य जागच्या जागी आडवं झालं आणि घोरू लागलं. सर्वांत मोठ्यानं घंगाळराव घोरले. मधूनच एक डोळा उघडून हात कुठवर आलाय ते बघत.

कल्हई झालेली भांडी एका कडेला उपडी न घालता उघडीच ठेवली होती. त्यांच्या तोंडावरून वारा गेला की ती वाजायची. बारीक, सगळी एका सुरात. कुणी शिकवलं नव्हतं, आणि थांबा म्हटलं असतं तरी ती थांबली नसती.

तपेली बंबाआडून सरकत तिथवर गेली. लोट्याच्या आत चांदणं पडल्यासारखं दिसत होतं.

"काय केलंस रे तू?"

"झोपलो होतो."

"त्याआधी?"

"त्याआधी पण झोपलोच होतो गं." लोट्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं. "तू इथंच थांब, तपेले. कुठं जाऊ नकोस."

पण ऊन उतरायला लागलं होतं. गाडीवानानं बैल जुंपायला घेतले. फळी टेकवली. कोळसेही निम्मे झाले होते. तपेलीनं बसल्या बसल्या हिशेब केला. काजळी चालते, चकाकी चालते, झोप चालते, म्हणजे धरायला काहीच नाही. तिच्याजवळ तर सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती कढी. हात आपल्याजवळ येईल, वासानं थबकेल आणि सगळ्यांच्या देखत मागं जाईल, एवढंच तिला दिसत होतं. त्यापेक्षा आपलं आपण गेलेलं बरं.

ती घरंगळत फळीवर चढली.

"अजून वेळ आहे, बाई," गाडीवान म्हणाला.

"असू दे. मला वाट बघवत नाही."

गाडीवानानं तिला एका फुटक्या झाकणाच्या शेजारी जागा करून दिली. तपेलीनं डोळे मिटले.

भात्याचा आवाज बंद पडला.

कल्हईवाला उठून गाडीशी आला होता. त्यानं कोपरापर्यंत हात मोडीत खुपसला, फुटक्या कडांमधून चाचपत खाली नेला आणि तपेलीच्या काठाला धरलं.

"मला नको," तपेली म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही. माझ्यातली कढी खाऊन सात जण आडवे झाले."

"आठ."

"सातच. मी मोजलेत."

"आणि उरलेली कुठं गेली वाटलं तुला?" कल्हईवाला तिला वर काढत म्हणाला. "तळ खरवडून मीच संपवली. बाकीचे सकाळी उठले. मी तिसऱ्या दिवशी उठलो."



घंगाळराव घोरायचे थांबले. "हा चक्क अन्याय आहे," ते म्हणाले. "आम्ही सकाळपासून रांगेत. ही तर गाडीत होती."

कल्हईवाल्यानं ऐकलं. तपेली घेऊन तो निखाऱ्यांशी जाऊन बसला.

निखारे भट्टीइतकेच तापलेले होते. तपेली लाल व्हायला लागली, तिला वाटलं, झालं, ही भट्टीच आहे, मला फसवलं. फरक एवढाच की धरलेला हात सुटत नव्हता. हातात चिमटा नव्हता. नवसागराचा पांढरा धूर उठला, कथलाची कांडी आतून फिरली, कापसाचा बोळा एकदाच गरगरला. मग पाण्यात बुडवल्याचा चर्र असा आवाज झाला. तपेलीला आपलं आत अजूनही दिसत नव्हतं. तिला समोर लोट्याचा चेहरा दिसला, तेवढ्यावरून कळलं.

कल्हईवाल्यानं शिदोरी सोडली, तिच्यात आपलं ताक ओतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याला. मग तिला कडेच्या भांड्यांत नेऊन ठेवलं. वारा आला.

ऊन बोटभर उरलं होतं. कल्हईवाला पुन्हा निखाऱ्यांशी बसला आणि त्यानं हात पुढं केला. तळवा काठाच्या गोल खुणेनं भाजलेला होता. सगळं राज्य जिथल्या तिथं थांबलं. राखेत लोळावं, विहिरीकडं पळावं की घोरावं, कुणाला सुचेना. अर्धे धुतलेले, अर्धे काळे घंगाळराव तोंड उघडून त्या तळव्याकडं बघत राहिले, आणि त्यांच्या मनात पहिल्यांदाच सांगण्यासारखं काही आलं नाही.

हात अजून कुणावर टेकलेला नाही. आणि इकडं गोष्ट सांगणाऱ्याचाही हात पुढं आलेला आहे. त्यात काहीतरी ठेवा. या हाताला निवड वगैरे काही नसते, पडेल ते चालतं.