हवेचा दगड आणि गोगलगाय

सन १९८४, वैशाख महिना. खंडू शिंप्याच्या दुकानात माशांची काचेची टाकी होती. तिच्या तळाशी हवेचा दगड होता. पंपाची हवा नळीतून येई, दगड तिचे बुडबुडे सोडी. त्याने एकदा गोगलगाईला माशांपासून आडोसा दिला होता. ते तो तिला रोज ऐकवी.

एके दिवशी दगडाची छिद्रे शेवाळाने बुजली. मासे वर येऊन आ वासू लागले.

"दगडोबा, जीव चालला!" मासे ओरडले.

"मी जरा विश्रांती घेतोय."

"घ्या. मालक नवा दगड आणतोय."

दगड घाबरला. "गोगलबाई, माझे उपकार आठव गं!"

गोगलगाईने दुपारभर शेवाळ खरवडून खाल्ले. बुडबुडे उसळले.

"पाहिलंत? मनात आणलं की मी सुरू!" दगड माशांना म्हणाला.

"फिटले तुझे उपकार," म्हणून गोगलगाय समोरच्या काचेवर निघून गेली.